एकवीस मिनिटांचं संमेलन आणि चौतीस फेटे

पालकसभेत मी हात वर केला तो काही सुचवायचं म्हणून नाही. मांडीवरच्या धाकटीनं पेनाची टोपी तोंडात घातली होती. ती मी बोटानं उकरून काढली आणि पुन्हा तिच्या हाती लागू नये म्हणून हात उंच धरला. एवढंच. पण हेडसरांनी फळ्याकडची मान वळवली आणि म्हणाले, "हां, आरोहीच्या आईंना काहीतरी बोलायचंय."

आता साठ पालकांसमोर उभं राहून "सर, ही टोपी आहे" असं सांगणं काही बरं दिसत नाही. शेवटी मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. म्हणून वर्षभर मनात साठलेलं बोलून टाकलं. दरवर्षी स्नेहसंमेलनात तीच बारा पोरं नाचतात आणि बाकीची पन्नास सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. त्यापेक्षा सगळंच एकेका मिनिटाचं करा. एक मिनिट वाजवणं, एक मिनिट नाच, एक मिनिट नाटक. असे एकवीस तुकडे. एकवीस मिनिटांत बासष्टच्या बासष्ट पोरं स्टेजवर.

सभा शांत झाली. आमच्या लोहाऱ्यात कुणी शहाणपणाचं बोललं की लोक असेच शांत होतात. ती दाद नसते, दया असते, कारण पुढं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. हेडसर म्हणाले, "उत्तम. मग तुम्हीच बघा सगळं."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. धाकटी दहा महिन्यांची, ह्यांचं खताचं दुकान, घरात सासूबाई, आणि मला स्वतःचं असं जे काही करायचं ते धाकटीच्या दुपारच्या झोपेत. ती झोपही अशी की मिक्सरचं नाव काढलं तरी उठेल. पण मी हो म्हणाले, ते आरोहीसाठी.

आरोही माझी थोरली. दुसरीत आहे. घरात ती बोलायची थांबत नाही. माझं माहेर बेंबळीचं, त्यामुळं आमचं अर्धं आयुष्य एसटी स्टँडवर गाडीची वाट बघण्यात गेलंय, आणि तिथल्या भोंग्यातलं बोलणं तिनं असं उचललंय की डोळे मिटून ऐकलं तर आपण पिशवी घट्ट धरतो. सकाळी उठल्या उठल्या सुरू होते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. न्हाणीघरात गेलेली आजी थोड्याच वेळात बाहेर येत आहे. बाबांनी टॉवेल घेऊन तयार राहावे."

शाळेत मात्र शब्द नाही. दीड वर्षात एक नाही. हजेरीला हात वर करते, कविता म्हण म्हटलं की खिडकीचे गज मोजते. तिच्या वर्गशिक्षिका निकिता मॅडम फार गोड आहेत. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, आरोहीला बोलता येतं ना?" मी म्हटलं, मॅडम, घरी ती दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. आयांचं बोलणं ज्या चेहऱ्यानं ऐकायचं असतं त्या चेहऱ्यानं त्यांनी ऐकून घेतलं.

तर एका मिनिटाची गोष्ट घरी कळल्यावर आरोही पोळी खाता खाता म्हणाली, "एकच मिनिट ना? मग मी बोलीन." मी पोळी उलथायची विसरले. तिच्यासाठी लगेच 'स्टँड' नावाचं नाटक बसवलं. तिनं एका खोक्यात बसायचं, खोक्याला खिडकी, आत माईक, आणि एकच वाक्य म्हणायचं: लोहाऱ्याहून लातूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. मग पोरं इकडून तिकडं धावणार आणि संपलं. तिला धीर गोळा करायला वेळ मिळावा म्हणून मी हा तुकडा सगळ्यात शेवटी, एकविसावा ठेवला. आईपणाच्या भरात माणूस जी हुशारी करतो, ती बहुतेक अशीच असते.

बातमी गल्लीत पसरली तसे सल्ले येऊ लागले. शेजारच्या द्वारकाबाई परातीत तांदूळ घेऊन आल्या आणि ते निवडत निवडत त्यांनी माझी योजनाही निवडून काढली. त्यांचा नातू कुलदीप 'शेळी आणि पालक' या नाटकात शेळी होता. त्यांचं म्हणणं, एका मिनिटात तर त्यांचा कुलदीप नुसती चड्डी वर वढतो, शेळी कवा व्हायचा? त्याला निदान चार मिनिटं द्या, वाटलं तर पालकाचं कमी करा. मी नियम म्हणजे नियम असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "लई शिकलेल्या बायांचं असंच असतंय," आणि खडे आमच्याच ओट्यावर ठेवून गेल्या.

मग परवानगी. भोंगा लावायचा म्हणजे अर्ज आला. मी धाकटीला कडेवर घेऊन कचेरीत तीन फेऱ्या मारल्या. टेबलामागच्या साहेबांनी 'कालावधी' या रकान्यात माझं 'प्रत्येकी एक मिनिट' वाचलं आणि चष्मा काढला. एका मिनिटासाठी कुणी परवानगी मागितल्याचं त्यांच्या नोकरीत झालं नव्हतं. ते म्हणाले, हा अर्ज आवक रजिस्टरला चढवायलाच चार मिनिटं लागतात. दुसऱ्या फेरीला त्यांनी नाटकांच्या संहिता जोडायला सांगितल्या. मी जोडल्या. 'शेळी आणि पालक'ची संहिता अशी होती: शेळी येते. पालक घाबरतो. शेळी पालक खाते. साहेबांनी ती दोनदा वाचली, शेजारच्या टेबलाला वाचायला दिली, आणि तिसऱ्या फेरीला मला सांगितलं की शेवट जरा उदास वाटतो, पालकाला वाचवता आलं तर बघा. मी विचार करते म्हटलं. सही मिळाली. चार ते सहा.

सहाच्या पुढं जाणं शक्यच नव्हतं, कारण मंगल कार्यालयाच्या मालकांनी हॉल फुकट दिला होता तो सहापर्यंतच. सहाला तिथं एका लग्नाची हळद होती.

तालमी आमच्या गच्चीवर झाल्या. वेळ सांभाळायला मी ईरण्णा मामांना बोलावलं. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना रागवायला माणसं मिळत नव्हती. त्यांनी खिशातून शिट्टी काढली, पोरांना रांगेत लावलं आणि आठ दिवसांत अशी शिस्त आणली की एका मिनिटाला शिट्टी वाजली की मधल्या शब्दावरही पोरगं गप्प होऊन जिना उतरायचं. उतरणारे आधी, चढणारे नंतर. एका मिनिटाचं संबळ, एका मिनिटाचं लेझीम, एका मिनिटाचं कन्नड गाणं. एकवीस तुकडे आम्ही बावीस मिनिटांत बसवले आणि ते वरचं एक मिनिट कुठं जातंय यावर मी आणि मामांनी दोन दिवस घालवले. शेवटी सापडलं. कुलदीपची चड्डी.

आरोही खोक्यात बसायची. तालमीत ती वाक्य म्हणायची नाही, खिडकीतून नुसती बघायची. मी विचारलं की म्हणायची, "तवा बोलीन." मी वर हसायचे आणि खाली जाऊन देवासमोर उभी राहायचे.

आणि मग निमंत्रणपत्रिका.

पत्रिकेवर प्रमुख पाहुणे म्हणून वीरप्पा काकांचं नाव घालायचं ठरलं. ढोकीच्या कारखान्याला ऊस घालणारे मोठे बागायतदार, शाळेच्या पत्र्यांना त्यांनी मदत केलेली. एक नाव, विषय संपला. पण मसुदा सासूबाईंनी पाहिला. आमच्या सासूबाई, गिरिजाबाई, यांना चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, पण कागदावर नसलेलं नाव लांबूनही दिसतं. त्या म्हणाल्या, "वीरप्पाचं घातलं आन् त्याच्या थोरल्या भावाचं न्हाय? उमा, मला त्या गल्लीतनं देवळात जायचंय रोज."

मग भाऊ आले. भाऊ आले म्हणून व्याही आले. व्याही आले म्हणून सोसायटीचे चेअरमन आले, चेअरमन आले म्हणून मागचे चेअरमन आले, कारण दोघांचं पटत नाही आणि एकाचंच नाव म्हणजे आम्ही बाजू घेतल्यासारखं. ह्यांच्या दुकानाची सहा चांगली गिऱ्हाइकं आली. हेडसरांचे मेहुणे आले. पत्रिका छापून आली तेव्हा तिच्यावर चौतीस नावं होती आणि पोरांचा कार्यक्रम खाली एका ओळीत, 'इत्यादी'च्या आधी.

आणि आपल्याकडं ज्याचं नाव पत्रिकेवर, त्याचा सत्कार. तो करावाच लागतो. त्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. माणूस घाईत असो, आजारी असो, नको नको म्हणत असो, शाल-नारळ देऊन त्याला खाली बसवल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मागं एकाचं राहिलं तर त्यांनी तीन नातवंडं शाळेतून काढली होती. त्यात ह्यांनी मला खूश करायचं म्हणून बेंबळीहून, म्हणजे माझ्या माहेरहून, फेटे बांधणारा बोलावला. पाहुण्यांना नुसती शाल कशाला, फेटाच बांधू.

मला खरंच आनंद झाला. लाज वाटते सांगायला.

संमेलनाच्या दिवशी चारचा कार्यक्रम पावणेपाचला सुरू झाला, म्हणजे आमच्या मानानं वेळेआधीच. पंख्याखाली समई पेटेना. सात काड्या गेल्या. पंखा बंद केला तर वीरप्पा काकांना घाम फुटला, म्हणून काका बाहेर नेले, समई पेटवली, काका आत आणले, पंखा लावला, समई विझली. शेवटी ती पेटली आहे असं सर्वानुमते धरलं गेलं.

मग सत्कार सुरू झाले. फेटेवाला मोठा कलावंत माणूस. एकेक निरी बोटानं दाबून, मागं सरकून बघून, पुन्हा सोडून बांधायचा. मी पडद्यामागं पोरांची नाकं पुसत होते. तेवढ्यात ईरण्णा मामा घड्याळ घेऊन आले. त्यांचा चेहरा घाटात ब्रेक गेल्यासारखा झाला होता.

"उमाताई, वीस मिनिटं झाली आन् सात फेटे झाले," ते म्हणाले. "एका फेट्याला तीन मिनिटं. अजून सत्तावीस हायत. आपण पोरांचं सेकंद सेकंद मोजलं, थोरल्यांचं कुणी मोजलंच न्हाय."

बाहेर सव्वापाच झाले होते. हेडसर आले. ते रडवेले होते, पण निर्णय घेऊन आले होते. पत्रिकेवरचं एकही नाव गाळता येणार नाही, तेव्हा उरलेले फेटे घाईनं गुंडाळू, पोरांचे पहिले दहा तुकडे घेऊ आणि शेवटचे अकरा पुढच्या वर्षी. खोक्याच्या खिडकीतून आरोही माझ्याकडं बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं खिडकीचा पुठ्ठा आतून ओढून लावून घेतला.

तोपर्यंत मी लोहाऱ्याची सून होते. त्या पुठ्ठ्यानंतर मी काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. मी हेडसरांना म्हटलं, "सर, फेटे मागं बांधा. पोरं पुढं नाचतील. दोन्ही एकदम."

"म्हणजे पाहुण्यांकडं पाठ करून?"

"पाहुण्यांना चालतंय. त्यांचं डोकं मागं, पाय पुढं, आपल्याला फक्त डोकं लागतंय."

याला काही अर्थ नव्हता, पण मी इतक्या ठामपणे बोलले की ते बाजूला झाले. फेटेवाल्याच्या मदतीला ह्यांना आणि खतदुकानातल्या दोघांना उभं केलं. ते पोती शिवणारे लोक, त्यांनी फेटेही त्याच पद्धतीनं बांधले. मामांनी शिट्टी मारली आणि स्टेजवर एकाच वेळी वीरप्पा काकांचे थोरले भाऊ आणि संबळ सुरू झालं.

सांगते, पहिले नऊ तुकडे फार सुंदर झाले. संबळाच्या ठेक्यावर चेअरमनांचा फेटा चढला, लेझमाच्या तालावर मागच्या चेअरमनांचा. लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. शाली कमी पडल्या तेव्हा मी स्टेजवरच्या पाहुण्यांच्या खांद्यांवरच्या मागून अलगद काढून घेतल्या आणि पुन्हा त्यांच्याच व्याह्यांना घातल्या. कुणाला कळलं नाही. माझ्या कडेवरच्या धाकटीनं एक नारळ सोडला तो तबल्यावर पडला, त्यालाही टाळ्या मिळाल्या.

दहावा तुकडा 'शेळी आणि पालक'. मानाचा म्हणून शेवटी राखलेला वीरप्पा काकांचा फेटा नेमका तेव्हाच बांधून होत आला होता. कुलदीप चार पायांवर आला. पालक घाबरला. पण पालक झालेली पोरगी खरंच घाबरली आणि पळून गेली, कारण साहेबांच्या सूचनेवरून मी शेवट बदलून शेळीनं एकच पान खायचं असं ठरवलं होतं, आणि शेळी एकावर थांबेल यावर तिचा विश्वास नव्हता. आता शेळीला खायला काही नाही. मिनिट चालू. द्वारकाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "खा रं कायतरी." कुलदीपला समोर वीरप्पा काकांच्या फेट्याचा हिरवा शेमला लोंबताना दिसला. त्यानं तो दातात धरला आणि शिस्तीचा पोरगा असल्यानं शिट्टी वाजताच तसाच जिना उतरायला लागला.

फेटा नऊ मीटर असतो, हे मला त्या दिवशी कळलं. काका खुर्चीवर बसल्या बसल्या आधी डावीकडं वळले, मग पाठमोरे झाले, मग उभे राहून फिरले. शेळी जिन्याच्या तळाशी पोचली तेव्हा शेवटचा वेढा सुटला. अकरावा तुकडा दोरीवरच्या उड्यांचा होता. पोरींनी पुढं पसरलेला फेटा बघितला आणि तोच घेतला. द्वारकाबाईंनी आजूबाजूला सांगितलं की चार मिनिटं दिली असती तर त्यांच्या कुलदीपनं आख्ख्या स्टेजचे सोडले असते.

सहाला तीन मिनिटं कमी असताना विसावा तुकडा उतरला. राहिला एक. मी खोका पुढं सरकवायला वाकले, आणि वीरप्पा काका बोडक्या डोक्यानं माईकपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, दोन शब्द बोलतो.

आपल्याकडचे दोन शब्द म्हणजे किती, हे इथं सांगायला नको. त्यांनी खिशातून घडीचे कागद काढले आणि शाळेच्या पायाभरणीपासून सुरुवात केली. दारात हळदीचे पाहुणे आले. ताशा, हळदीच्या वाट्या, पाट, नवरीची आई, मागं दीडशे माणसं. कार्यालयाचे मालक हातवारे करू लागले. पण प्रमुख पाहुणा बोलत असताना उरलेले तेहतीस फेटे कसे उठणार? हेडसरांनी चिठ्ठी दिली, काकांनी ती आपल्या कागदांत लावली आणि वाचून दाखवली. मामांनी शिट्टी मारली तर काकांना ती दाद वाटली.

सहा वाजले. खोक्याच्या खिडकीचा पुठ्ठा लागलेलाच होता. मी गुडघ्यावर बसून म्हटलं, "आरू, पुढच्या वर्षी हां बाळा." मी उठले, कारण बसून राहिले असते तर सगळ्यांसमोर रडले असते.

तेवढ्यात भोंगा खरखरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

आमच्याकडचा माणूस शिट्टीला ऐकत नाही, मास्तरला ऐकत नाही, पण या आवाजाला त्याचा हात आपोआप पिशवीवर जातो. दीडशे हळदवाले थांबले. ताशा थांबला. वीरप्पा काका शब्दाच्या मधोमध थांबून वर बघायला लागले, जिथं भोंगा होता तिकडं.

"मंगल कार्यालयाहून सुटणारी सत्काराची गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. गाडी सुटण्याची वेळ झालेली आहे. फेटेवाल्या प्रवाशांनी आपापले नारळ घेऊन गाडीत बसून घ्यावे. हळदीची गाडी थोड्याच वेळात याच फलाटावर येत आहे."

पहिल्यांदा उठले ते मागचे चेअरमन. त्यांचं बघून चेअरमन उठले, मागं राहायला नको म्हणून. मग एकदम सगळे. तेहतीस फेटे नारळ छातीशी धरून जिन्याकडं निघाले, आणि मामा सवयीनं दारात उभे राहून एकेकाला पुढं ढकलू लागले. वीरप्पा काका एकटे उरले. त्यांनी कागदांची घडी केली, खोक्यापाशी वाकून खिडकीला विचारलं, "बाई, आमची कुठं लागली म्हणायची?"

पुठ्ठा सरकला. "वीरप्पा आजोबांची गाडी चहाच्या फलाटावर आहे. आजोबांचा फेटा हरवला आहे. सापडल्यास पोरींनी तो परत करावा."

त्यानंतर ती थांबली नाही. धाकटीच्या हातात कुणाची तरी शाल असल्याचं तिनं जाहीर केलं. आईनं रडू नये, आईची गाडी रद्द झालेली नाही, असंही जाहीर केलं. नवरीच्या आईनं हळदीची वाटी कुठं ठेवावी तेही सांगितलं. लातूरची गाडी राहिली ती राहिलीच. मामांनी घड्याळ बघून शिट्टी तोंडाशी नेली, एक मिनिट कधीच होऊन गेलं होतं. मी त्यांच्या हातातून शिट्टी घेतली आणि पदरात बांधली. नियम माझाच होता. निकिता मॅडम पडद्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आरोही सात मिनिटं बोलली, आणि खोक्यातून निघाली ती थेट हळदीत. नवरीच्या आईनं तिच्या दोन्ही गालांना हळद लावली.

सोमवारी ती शाळेतून आली आणि दप्तर टाकून डायरी माझ्या हातात दिली. लाल शाईत, निकिता मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं: आरोही वर्गात सतत बडबड करते. पालकांनी लक्ष द्यावे.

खाली पालकांच्या सहीची जागा होती. मी सही केली. मग सासूबाईंनी डायरी मागून घेतली, पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून घेतली, आणि मी केलेली चांगली नाही म्हणून माझ्या सहीखाली स्वतःची केली.